तीनदा मागितलेला दाखला

सरकारी कागद गोड बोलायला लागला की मी सावध होते. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली बरीचशी मुख्याध्यापिका म्हणून. तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की शिकले. पत्राची सुरुवात ‘प्रिय मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो’ अशी असली, की पत्र उलटं करायचं आणि आधी शेवटचं कलम वाचायचं. एका जूनमध्ये ‘आपण राष्ट्राचे शिल्पकार आहात’ असं आलं आणि आठव्या दिवशी आम्ही सगळे शिल्पकार मतदारयाद्या काखोटीला मारून घरोघर फिरत होतो. दुसऱ्या एका वर्षी ‘आपल्या कार्याला शतशः प्रणाम’ असं आलं. त्या वर्षी आम्ही गावातली गुरं मोजली.

तसा माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप मी ओट्यावर ठेवून वाकून बघायची, शिंप्याकडे उरलेला कापडाचा तुकडा मागून घ्यायची. शाळेत खडू मोजून द्यायची आणि संध्याकाळी तुकडे परत घ्यायची. आमचे हे म्हणायचे, तुझं चुकून मास्तरकीच्या यादीत नाव लागलं, तू फौजदारच व्हायचीस. मला ते ऐकून राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं. चारचौघांत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असा माझा समज होता.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी पनवेलला राहत होते आणि माझी शाळा शिरढोणच्या पुढे, हायवे सोडून आत, डोंगराच्या पायथ्याला होती. एस.टी.नं फाट्यावर उतरायचं आणि तिथून अर्धा तास चालायचं. दोन खोल्या, चौथीपर्यंत वर्ग आणि शिक्षक दोन, मी आणि एक गुरुजी. निम्मी मुलं गावातल्या शेतकऱ्यांची, निम्मी वरच्या कातकरवाडीतली. वाडीतली माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जायची. चूल, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं घेऊन. ती परत यायची मे संपता संपता. म्हणजे त्या पोरांचं शाळेचं वर्ष असायचं जून ते दिवाळी, बाकी वर्षभर आम्ही त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लावत बसायचो.

खोटी हजेरी मी कधी लावली नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण नावही कधी कमी केलं नाही. त्याला कारण होतं पट. शाळेत जितक्या मुलांची नावं तितका शाळेचा पट. चाळीसच्या खाली पट गेला, की दुसरा शिक्षक उचलून दुसरीकडे टाकायचे. आमचा पट त्या जूनमध्ये बरोब्बर चाळीस होता. एक नाव गेलं की गुरुजी गेले आणि चारही इयत्ता माझ्या एकटीच्या गळ्यात. त्यामुळे पटावरचं एकेक नाव मी डोळ्यांत तेल घालून जपत होते.

त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी तालुक्याला मुख्याध्यापकांची सभा झाली आणि नेहमीसारखं सायक्लोस्टाइल केलेलं पत्र हातात पडलं. शाई फुटलेली, अर्धी अक्षरं अंदाजानं वाचायची. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, तुमच्यामुळेच ग्रामीण भागात ज्ञानाचा दिवा तेवतो आहे, वगैरे वगैरे. मी पत्र उलटं केलं. शेवटचं कलम असं होतं, की यंदा एकही मूल शाळेतून गळता कामा नये. शाळा सोडल्याचा दाखला मागणाऱ्या पालकांचं मन वळवावं आणि दाखला देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी स्वतः खात्री करून घ्यावी.

आयुष्यात पहिल्यांदा मला सरकारी पत्रात खोट सापडली नाही. संशय घ्या, असा हुकूमच मिळाला होता, तोही माझ्यासारखीला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

शाळा उघडून चार-पाच दिवस झाले असतील. वाडीतली एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी तिसरी पास होऊन चौथीत आली होती. अर्धं वर्ष भट्टीवर राहूनही ही पोर पास व्हायची, म्हणजे बघा. दिसेल ते वाचायची. एस.टी.चं तिकीट, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, माझ्या छत्रीच्या मुठीवरची बारीक अक्षरंसुद्धा. गावातली शेतकऱ्यांची पोरं तिच्याकडून धडा वाचून घ्यायची आणि मग आपणच वाचला म्हणून मला सांगायची. मी तोंडावर कधी तिचं कौतुक केलं नाही. कौतुकानं पोरं शेफारतात, असं माझं मत होतं.

आईनं दारातूनच सांगितलं, “बाई, दाखला द्या ना. पोरीला न्यायची हाय.”

कुठं, म्हणून मी विचारलं. तिनं हात करून दाखवलं. तिकडं, डोंगरापल्याड. मानूस आलाय, तो नेनार. तिथं खायला-ऱ्हायला देतात.

मी कान टवकारले. डोंगरापलीकडे भट्ट्या होत्या. खायला-राहायला देतो, हे तर भट्टीच्या मुकादमाचं ठरलेलं वाक्य. मी खिडकीतून बघितलं, तर खरंच एक माणूस आंब्याखाली उभा. हातात रेक्झिनची पिशवी, पायात बूट, सायकल झाडाला टेकवलेली. आत यायचं नाव नाही. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं! सरळ माणूस असता तर शाळेच्या दाराशी आला असता. दहा वर्षांची पोर, हा तिला जूनमध्येच पसंत करून ठेवतोय, दिवाळीपर्यंत थांबायचीही याला दया नाही, असं माझ्या मनानं घेतलं. मी तिला म्हटलं, दाखल्याचं पुस्तक संपलंय, तालुक्याहून आलं की बघू. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं, निम्म्याहून जास्त कोरं.

मग मी बाहेर गेले आणि त्या माणसाला विचारलं, इथं काय काम आहे. तो म्हणाला, बाई, जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, बोलायचं असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन बोला, इथं मुलं शिकताहेत. माझा आवाज चढला की मला स्वतःलाच ऐकू येत नाही, असं आमचे हे म्हणतात. तो माणूस सायकल घेऊन गेला. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

दहाएक दिवसांनी ती परत आली. दाखला. या खेपेला तिनं थोडं जास्त सांगितलं. तिथं साळा बी हाय, म्हणाली. मला हसू आलं. भट्टीवर शाळा! हो, आणि डोंगरावर दर्या! पढवून पाठवलीय हिला, शाळेचं नाव काढ म्हणजे बाई विरघळेल, असं सांगितलेलं दिसतंय. मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. तुमची पोर हुशार आहे, तिचं वाटोळं करू नका, चौथी होऊ द्या, मग न्या कुठं न्यायची ती, असं दहा मिनिटं सुनावलं. पत्रात लिहिलं होतं तसं मन वळवत होते मी. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, वळलं मन.

ती गेल्यावर गुरुजी म्हणाले, बाई, देऊन टाका ना दाखला, उगाच हेलपाटे घालतेय ती. झालं! मी त्यांच्याकडेही बघायला लागले. गुरुजींचं घर उरणकडे, करंजाला. दर सोमवारी येताना पिशवीत सुके बोंबील, तोंडात घरच्या गोष्टी. पट एकोणचाळीस झाला की यांची बदली होणार, आणि झाली तर घराजवळच होणार, हे त्यांना न कळण्याइतके ते भोळे नव्हते. म्हटलं, अस्सं! तुमचं हे चाललंय होय? तसं बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून दाखल्याच्या खणाला कुलूप लावायला सुरुवात केली. गुरुजी बिचारे पुढे त्या विषयावर काही बोलले नाहीत.

तिसऱ्यांदा ती जुलैत आली. तोंडानं दाखला मागितला नाही, टेबलावर शेवळांची जुडी ठेवली आणि बाजूला मूठभर काकडं, रानातली आंबट फळं. शेवळं ही रानातली भाजी, नुसती केली तर घसा खाजवून जीव नकोसा करते. त्यात काकडांचा रस घातला की खाज मरते. शहरातल्या बाईला हे माहीत नसेल म्हणून तिनं काकडंही आणली होती, आणि भाजी कशी करायची तेही सांगायला लागली.

पनवेलच्या बाजारात त्या जुडीसाठी आम्ही बायका घासाघीस करायचो. हात पुढे गेला होता माझा. मग डोक्यात उजेड पडला, की ही लाच आहे. मी जुडी तिच्या हातात परत दिली आणि म्हटलं, असल्या गोष्टींनी दाखला मिळत नाही. तिला लाच म्हणजे काय ते कळलं नसणार, पण माझा सूर कळला. तिनं काकडं एकेक करून गोळा केली. एक टेबलाखाली गेलं होतं, तेही वाकून उचललं आणि पदराला बांधलं. दारात तिची पोर उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आईच्या पदराच्या गाठीकडे बघत होती.

त्यानंतर ती आली नाही. पोर मात्र दिवाळीपर्यंत रोज येत होती. पहिल्या बाकावर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून बोलायची नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा वाडी रिकामी झाली होती. दरवर्षीसारखीच. तिच्या नावापुढे मी गैरहजेरी लावायला सुरुवात केली. मनाशी म्हटलं, गेलीच शेवटी भट्टीवर, माझा संशय काय चुकीचा होता? दाखला दिला असता तर नावसुद्धा गेलं असतं. पट चाळीस राहिला, गुरुजी राहिले आणि वर्ष पार पडलं.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा तालुक्याला सभा. पुन्हा तेच पत्र, या वेळी शाई जरा बरी. साहेब नवीन होते, बोलके होते. मुख्याध्यापकांना धीर द्यायचा, पाठीवर हात ठेवायचा, असं त्यांनी ठरवूनच आणलेलं दिसत होतं. बोलता बोलता त्यांनी आमच्या शाळेचं नाव घेतलं आणि मला उभं केलं. मला वाटलं, आता जनगणना तरी नाहीतर निवडणूक तरी. पण साहेब म्हणाले, “आदिवासी वाडीची शाळा, आणि गेल्या वर्षी चौथी पास मुलं सोडली तर एकही दाखला गेलेला नाही. ज्या शाळेनं दाखला दिला नाही, तिचाच दाखला मी आज तुम्हाला देतो!”

सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. एका बाईंनी मला गुलाबाचं फूल दिलं. मी साडीच्या पदराशी चाळा करत उभी होते आणि मनातल्या मनात फुलत होते. जन्मभर गोड शब्दांवर संशय घेतला आणि नेमका त्या दिवशी घेतला नाही. ते फूल पेपरात गुंडाळून घरी नेलं, देवापाशी ठेवलं. आमचे हे म्हणाले, फौजदारीणबाई, बढती मिळाली वाटतं.

त्यानंतर आठवड्याच्या आत तो माणूस आला. तीच रेक्झिनची पिशवी, तीच सायकल. या वेळी आंब्याखाली थांबला नाही, सरळ दारात आला आणि नमस्कार करून म्हणाला, बाई, ओरडायचं असेल तर ओरडा, पण आधी दोन मिनिटं ऐका. पिशवीतून त्यानं प्रवेशाचं रजिस्टर काढलं. डोंगरापलीकडच्या आश्रमशाळेचा शिक्षक होता तो. वाड्यावाड्यांत फिरून भट्टीवर जाणाऱ्या पोरांना शाळेत आणायचं काम त्याच्याकडे. मुलांनी तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि दहावीपर्यंत शिकायचं. आईबाप भट्टीवर गेले तरी पोर शाळेत.

खायला-राहायला देतात. तिथं शाळाही आहे. ती बाई दोन्ही वेळा खरंच बोलली होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, गेल्या वर्षी आत का आला नाहीत? तो म्हणाला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल न्यायला आलो की मुख्याध्यापकांना राग येतो, पट कमी होतो ना, म्हणून आईलाच पुढे पाठवतो. मग त्यानं रजिस्टरमधलं एक पान उघडलं. त्या मुलीचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, पुढचे सगळे रकाने कोरे. श्रावण संपेपर्यंत जागा राखून ठेवली होती, म्हणाला. दाखल्याशिवाय नाव पेनानं लिहिता येत नाही. तिची आई डोंगर चढून दोनदा त्यांच्या आश्रमशाळेत आली होती, असंही त्यानं सांगितलं.

“दोन्ही वेळा म्हणाली, गुरुजी थांबा, जागा कोनाला देऊ नका. बाई दाखला देतील, बाई चांगल्या हायत.”

मी खणाचं कुलूप काढायला गेले. किल्ली नीट लागेना, गुरुजींनी उठून काढून दिलं. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. दाखल्याच्या पुस्तकात पान कोरं होतंच. नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. कारणाच्या रकान्यात आम्ही नेहमी जे लिहितो तेच लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाच मिनिटांचं काम मी एक वर्ष कुलपात ठेवलं होतं.

त्या माणसाला थांबायला सांगून मी वाडीवर निघाले. इतक्या वर्षांत मी वाडीत फक्त शिरगणतीच्या वेळी गेले होते. चढ होता, चप्पल घसरत होती. ती बाई घरासमोर बसून सूप विणत होती, पोर पलीकडे धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. वर्षभरात उंच झाली होती. हातांना विटा उचलून घट्टे पडले होते, मोठ्या बायकांना पडतात तसे.

मी दाखला पुढे केला. म्हटलं, चुकलं माझं. मला वाटलं मुकादम आहे. तो माणूस शाळेत थांबलाय, आजच पाठवा हिला, मी स्वतः सोडायला जाते. आणखी बरंच काही बोलले असेन. तिनं कागद घेतला नाही, पोरीकडे बघितलं. पोरीनं भावाला खाली ठेवलं, हात परकराला पुसले आणि कागद घेतला. माझ्या छत्रीवरची अक्षरं वाचणारी ती पोर, तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावत आपलं नाव वाचलं. आडनावापाशी अडली. एरवी भट्टीवर पुस्तक घेऊन जायची, या खेपेला नुसत्या विटा उचलल्या होत्या. थोडा वेळ तिथंच बोट ठेवून उभी राहिली आणि मग लाजल्यासारखी होऊन कागद मला परत दिला.

मी म्हटलं, वाचायला येईल परत, महिन्याभरात येईल सगळं. तिनं मान हलवली. लहान पोरांत बसायला नाय जमायचं, असं काहीतरी पुटपुटली आणि भावाला उचलून आत निघून गेली. मी आईकडे वळले. तिला कितीतरी समजावलं, गेल्या वर्षी समजावलं होतं त्याच्या दुप्पट. ती ऐकत होती, सुपाची कड वळत होती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

“नको बाई. आता दाखला नाय लागत,” ती म्हणाली. “भट्टीवर कोन दाखला मांगत नाय.”

सोपी गोष्ट होती. भट्टीवर जाणारं माणूस कधी दाखला मागायला येतं का? इतक्या वर्षांत वाडीतली डझनावारी पोरं भट्टीवर गेली, एकाच्याही आईबापांनी दाखला मागितला नव्हता. ती नुसती गेली होती. दाखला मागितला होता, त्याच दिवशी मला कळायला हवं होतं, की ही पोर शाळेतच जाणार आहे. मी प्रत्येकावर संशय घेतला. त्या माणसावर घेतला, गुरुजींवर घेतला, शेवळांवरसुद्धा घेतला. स्वतःवर तेवढा घेतला नाही.

खाली आले तेव्हा तो माणूस सायकलपाशी उभा होता. मी मान हलवली. त्यानं रजिस्टर पिशवीत घातलं आणि गेला. पुढे मी वाडीवर बरेच हेलपाटे घातले. पोर आली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, तेही मला गुरुजींकडून कळलं. मात्र त्या वर्षापासून वाडीतलं कुणी दाखला मागायला आलं, की मी आधी त्यांना खुर्ची देत असे आणि मग पेन उघडत असे. पट घसरला, गुरुजींची बदली झाली. घराजवळ नाही, पार दुसऱ्या टोकाला.

निवृत्त होताना मी टेबलाचा खण रिकामा केला. शुभेच्छांची पत्रं सगळी टाकून दिली. तो एक दाखला घरी आणला, अजून माझ्याकडे आहे. सही आहे, शिक्का आहे. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘पालकांच्या विनंतीवरून’. विनंती तीनदा झाली होती.